आमची वाटचाल : फ्रेमवरच्या खुणा आणि गाडीचे वर्ष

आमच्या पेढीची सुरुवात वाकलेल्या फ्रेम सरळ करण्याच्या कामापासून झाली. जुन्या मोटारसायकली पुन्हा उभ्या करणारे हौशी लोक इंजिनाविना, चाकांविना आणि बहुधा कागदपत्रांविनाही नुसती फ्रेम घेऊन येत, आणि ती जिगवर, म्हणजे फ्रेम घट्ट धरून मापात आणण्याच्या सांगाड्यावर, चढण्यापूर्वीच विचारत की ही नेमकी कोणत्या मॉडेलची आणि कोणत्या वर्षाची आहे. पुढचा फोर्क कोणता शोधायचा, टाकी आणि मडगार्ड कोणत्या घडणीचे बसतील, नोंदणीच्या अर्जात कोणते वर्ष लिहायचे आणि मागितलेली किंमत रास्त आहे की नाही, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असे. काही काळाने फ्रेम सरळ करण्यापेक्षा हे उत्तर शोधण्यातच आमचा जास्त वेळ जाऊ लागला. शेवटी जिगचे काम मर्यादित ठेवून ओळख आणि कालनिश्चितीचे लेखी अहवाल देणे हाच आम्ही मुख्य व्यवसाय केला.

पहिल्या टप्प्यात आमचा सारा भर क्रमांकांवर होता, आणि क्रमांकांच्या बाबतीत प्रत्येक कारखान्याची रीत निराळी. बीएसए या ब्रिटिश कारखान्याने दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास वर्षासाठी अक्षर वापरले : एच म्हणजे १९३७, जे म्हणजे १९३८, के म्हणजे १९३९, आणि डब्ल्यूएम२० अशी सुरुवात असलेली फ्रेम ही युद्धकाळातल्या लष्करी पुरवठ्यातली. नॉर्टनने युद्धानंतर अशीच अक्षरमाला चालवली आणि एकाच्या आकड्याशी घोटाळा होऊ नये म्हणून आय हे अक्षर गाळले, त्यामुळे एच १९५३ चा आणि त्याच्या लगेच पुढचा जे १९५४ चा. एजेएस आणि मॅचलेस यांच्या इंजिनावर वर्षाचे शेवटचे दोन आकडे सरळ वाचता येतात, पण फ्रेमवर ती सोय नाही. हार्ले-डेव्हिडसनचा प्रकार तर याहून वेगळा आहे : १९६९ पर्यंतच्या त्यांच्या फ्रेमवर गाडीचा क्रमांक ठोकलेलाच नसे, गाडीची ओळख इंजिनावरच्या क्रमांकाने होई. म्हणून १९४७ ची म्हणून आणलेल्या हार्लेच्या फ्रेमवर ठळक क्रमांक दिसला, तर समाधान वाटण्याऐवजी शंका यायला हवी.

याच टप्प्यात आमच्या लक्षात आले की ग्राहक ज्याला फ्रेम क्रमांक समजतात तो अनेकदा भाग क्रमांक असतो. जुन्या ब्रिटिश फ्रेममध्ये नळ्या ओतीव लोखंडी लगमध्ये, म्हणजे जोडणीच्या पोकळ तुकड्यांत, बसवून ब्रेझिंगने (पितळी झाळकामाने) पक्क्या केलेल्या असत, आणि त्या लगवर ओतकामातच उठलेले आकडे असत. असे आकडे पृष्ठभागाच्या वर आलेले दिसतात, तर फ्रेम क्रमांक पंचने ठोकलेला, म्हणजे धातूत खोल गेलेला असतो. नुसत्या बोटाने चाचपले तरी हा फरक कळतो. मात्र उठावाचे आकडे निरुपयोगी नाहीत. बीएसएच्या भाग क्रमांकात ९० ने सुरू होणारा भाग बॅन्टमचा आणि ६८ ने सुरू होणारा ए५० किंवा ए६५ या जुळ्या सिलिंडरच्या गाड्यांचा, हे ठाऊक असेल तर क्रमांक पूर्ण गंजून गेलेल्या फ्रेमचेही घराणे सांगता येते.

ट्रायम्फ आणि बीएसएच्या १९६९ च्या हंगामापासूनच्या क्रमांकांविषयी आमच्याकडे सर्वाधिक विचारणा येते, आणि चुकीचे वर्ष सर्वाधिक तिथेच लिहिले जाते. क्रमांकाच्या आधी दोन अक्षरे असतात : पहिले महिन्याचे, दुसरे हंगामाचे, म्हणजे कारखान्याच्या मॉडेल वर्षाचे. महिन्यांसाठी जानेवारीपासून अनुक्रमे ए, बी, सी, डी, ई, जी, एच, जे, के, एन, पी आणि एक्स ही अक्षरे येतात. हंगामासाठी १९६९ ला सी, १९७० ला डी, १९७१ ला ई, १९७२ ला जी असा क्रम पुढे चालतो. अडचण अशी की हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या जुलैत संपतो. एन सी वाचणारा माणूस ऑक्टोबर १९६९ असे लिहून मोकळा होतो, प्रत्यक्षात ती गाडी ऑक्टोबर १९६८ मध्ये तयार झालेली असते. तसेच जे डी म्हणजे ऑगस्ट १९६९ आणि एच डी म्हणजे जुलै १९७०. अक्षरक्रमात एच आधी येत असला तरी इथे जे जवळजवळ वर्षभराने जुना ठरतो. हे एकदा नीट समजावून दिल्यानंतरही काही मालक नोंदणीपत्रातल्या वर्षाचा हट्ट सोडत नाहीत. म्हणून आमच्या अहवालात हंगामाचे वर्ष आणि निर्मितीचा महिना हे दोन वेगळे रकाने असतात. हंगामाची ही रीत केवळ या दोन कारखान्यांची नव्हती. पुढच्या वर्षाच्या गाड्या उन्हाळ्यानंतरच बनवायला घेणे हा ब्रिटिश धंद्याचा जुना शिरस्ता होता.

इंजिन आणि फ्रेम यांच्या नात्याचा अभ्यास हा आमचा पुढचा टप्पा. या पद्धतीच्या पूर्वीची बीएसए किंवा १९६९ ची होंडा सीबी७५० घेतली, तर दोन्ही क्रमांक मुळातच वेगळे असतात, आणि ते जुळत नाहीत म्हणून गाडी बनावट ठरवणे हा अन्याय होईल. उलट युद्धोत्तर बीएमडब्ल्यूमध्ये ते कारखान्यातून सारखेच येत. व्हिन्सेंटच्या जुळ्या सिलिंडरच्या गाड्यांत तर फ्रेमचा क्रमांक इंजिनाच्या क्रमांकापेक्षा साधारणतः १९०० ने मोठा असतो, आणि वरच्या व मागच्या अशा दोन्ही फ्रेमभागांवर तोच ठोकलेला असतो. तिन्ही ठिकाणी हिशेब लागला की मन निःशंक होते. फ्रेम एका कारखान्याची आणि इंजिन दुसऱ्या कारखान्याचे अशी ट्रायटन आली, म्हणजे नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचे इंजिन, तर आम्ही दोन्हींचे स्वतंत्र वर्ष देतो आणि गाडीला एकच वर्ष लावण्याचे टाळतो. फेदरबेडच्या बाबतीत क्रमांकाआधी आकार बोलतो : १९६० पासूनच्या स्लिमलाइनमध्ये वरच्या नळ्या सीटच्या पुढे आत घेतलेल्या आहेत, त्याआधीच्या वाइडलाइनमध्ये त्या रुंदच राहतात.

किमती वाढल्या तसे खोटे क्रमांकही वाढले, आणि आमच्या धंद्याचे स्वरूप त्याने सर्वाधिक बदलले. १००७४१४ या फ्रेम क्रमांकापर्यंतच्या सुरुवातीच्या सीबी७५० ला संग्राहक भलतीच किंमत देतात. अशा ठिकाणी एखादा आकडा बदलण्याचा मोह होणारच. ट्रायम्फने पुढे इंजिनावरच्या क्रमांकाच्या जागी आपल्या बोधचिन्हाची बारीक नक्षी उठवली, ती घासून पुन्हा ठोकणे उघडे पडावे म्हणूनच. फ्रेमवर तशी नक्षी नसते, तिथे आम्ही आकड्यांची घडण पाहतो. कारखान्यात बरेचदा सुटे पंच हाताने ठोकले जात, त्यामुळे आकडे थोडे वरखाली आणि कमीजास्त खोल असणे स्वाभाविक आहे. पट्टी लावल्यासारखी सरळ ओळ आम्हाला जास्त खटकते. घासून काढलेला आकडाही पूर्ण नाहीसा होत नाही, कारण पंचच्या आघाताने खालच्या पोलादाची रचना बिघडलेली राहते, आणि क्युप्रिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या फ्राय द्रावणाने ती जागा वेगळ्या छटेत दिसू लागते. हे काम आम्ही मालकाच्या लेखी संमतीनेच करतो. क्रमांक नव्याने ठोकून देण्याची मागणीही वरचेवर येते. ती आम्ही कोणत्याही कारणासाठी स्वीकारत नाही, आणि त्यामुळे काही चांगले ग्राहक गमावले असले तरी अहवालाचे मोल त्याच नकारावर टिकले आहे.

अहवालातले प्रत्येक वर्ष आम्ही तीन पायऱ्यांत मांडतो : कारखान्याच्या नोंदीने सिद्ध, क्रमांक आणि घडण दोन्हींनी जुळणारे, आणि केवळ घडणीवरून अंदाजलेले. ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत पहिल्या पायरीसाठी तिथल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबच्या ग्रंथालयातील कारखान्यांच्या वह्या मोलाच्या ठरतात. मात्र पाठवणीच्या वहीतली तारीख गाडी कारखान्याबाहेर पडल्याची असते, ती बनल्याची नव्हे, आणि न खपलेली गाडी महिनोन्‌महिने गोदामात राहू शके. तिसऱ्या पायरीत आम्ही वर्ष न लिहिता कालखंड लिहितो. ग्राहकाला ते अपुरे वाटते, आम्हाला ते प्रामाणिक वाटते.

अलीकडे बरेचसे काम छायाचित्रांवरून होते, त्यामुळे फ्रेम रंगासाठी तयार करण्यापूर्वीच आमच्याशी संपर्क साधावा असा आग्रह धरावा लागतो. सँडब्लास्टिंगने उथळ आकडे बोथट होतात, ग्राइंडरच्या चकतीने ते जातातच, आणि पावडर कोटिंगचा जाड थर उरलेसुरले भरून टाकतो. रंग रसायनाने मऊ करून मऊ ब्रशने काढावा. मग हँडल बसते त्या मानेच्या दोन्ही बाजू, सीटखालच्या नळीचा लग आणि इंजिनाजवळचे पत्रे अशा जागा, बाजूने तिरका प्रकाश टाकून, मोजपट्टी शेजारी ठेवून टिपाव्यात. क्रमांक एका ठिकाणी सापडला तरी बाकीच्या जागांची छायाचित्रे वगळू नयेत, कारण साइडकारचे लग, मागच्या चाकाची स्प्रिंगची सोय आणि ओतकामातले आकडे यांवरच तो क्रमांक त्या फ्रेमचा आहे की नाही हे आम्ही पडताळून पाहतो.