आमची वाटचाल : तीन एकर शिराझ

2001 साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि आमच्या दिंडोरी तालुक्यात जो तो वाइनची द्राक्षं लावायला निघाला. अण्णांनीही तीन एकर थॉमसन, म्हणजे खाण्याची द्राक्षं, काढून शिराझ ही वाइनची काळी जात लावली. पुढे मंदी आली, करार केलेल्या वायनरीने माल उचलला नाही. शेजाऱ्यांनी बागा तोडल्या. आमची राहिली, कारण मी हट्ट धरला : वाइन आपणच करू.

पहिली वाइन कोकम सरबतासारखी निघाली. रंगानेही आणि अंगानेही. चूक बागेतच होती. अण्णांचा हात खाण्याच्या द्राक्षावर बसलेला : मणी फुगला पाहिजे, वेल लगडला पाहिजे. वाइनचं नेमकं उलटं. शिराझचा रस जवळजवळ बिनरंगी. रंग आणि तुरटपणा सालीत. मणी बारीक, तर रसाच्या मानाने साल जास्त. पुढच्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर मी घड विरळले, मण्यांत रंग उतरू लागल्यावर पाणी तोडलं. खाली पडलेले घड बघून अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता फेब्रुवारीत पहाटे चारला डोक्याला बॅटरी बांधून काढणी सुरू होते. गोडी 23-24 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघतोच, पण माझा भरवसा बीवर. चावल्यावर कुरकुरीत, बदामासारखी लागली की क्रेट बाहेर काढायचे.

टाकीत आंबायला लागलं की वायू साली वर ढकलतो, त्यांची जाड टोपी बसते. दिवसातून तीनदा ती दांड्याने खाली दाबायची, नाहीतर वरची साल सुकून व्हिनेगरचा वास धरते. पहिल्या वर्षी पाचव्या दिवशीच रस काढला होता. आता बारा-चौदा दिवस सालीवर ठेवतो. चोथा पिळून आलेली वाइन वेगळी ठेवतो, कारण ती जास्त तुरट.

दुसरी चूक बॅरलची. फ्रेंच ओक लाकडाचं बॅरल एवढं महागाचं आणलंय तर पुरेपूर वापरू म्हणून कोऱ्या बॅरलमध्ये दीड वर्ष ठेवली. घोट घेतला तर सुताराच्या दुकानात उभं राहिल्यासारखं! आता एकच बॅरल नवं, बाकी जुनी, अकरा महिने. 225 लिटरच्या बॅरलमधून तीनशेच्या आतच बाटल्या निघतात; थोडी लाकडातून उडतेच.

आमच्या वाइनला जांभळाची चव आणि काळ्या मिरीचा वास आहे. मटणाबरोबर छान लागते. फक्त जरा गार करून घ्या. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला नाशिकच्या एप्रिलसाठी नाही.

अण्णा माळकरी, थेंबही घेत नाहीत. बॅरल उघडलं की ग्लास नाकाशी धरतात, ‘मिरी आली’ म्हणतात आणि ग्लास माझ्या हातात देतात.