तुम्ही विचारलंत म्हणून: क्वारेस्माच का?

फुटबॉलचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, तुझा फेवरेट कोण. मी म्हणते पोर्तुगालचा रिकार्डो क्वारेस्मा. मग जरा शांतता, आणि मग ठरलेला दुसरा प्रश्न, "तोच ना, रोनाल्डोपेक्षा भारी होणार म्हणायचे आणि मग आयुष्यभर क्लबच बदलत बसला?" हो, तोच. हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलाय की म्हटलं एकदाच बसून नीट लिहून टाकू, पुढच्या वेळी कोणी विचारलं तर हेच पाठवून देईन.

आधी हिशोब. स्पोर्टिंग लिस्बन, बार्सिलोना, पोर्टो, इंटर मिलान, चेल्सी, बेसिक्तास, दुबईचा अल अहली, परत पोर्टो, परत बेसिक्तास, मग कासिमपाशा, आणि शेवटी विटोरिया गिमाराइश. नऊ क्लब, अकरा मुक्काम. यादी वाचली की वाटतं माणूस कुठे टिकलाच नाही. मलाही आधी तसंच वाटायचं. पण यादीत दोन ठिकाणी "परत" आलंय ना, तिकडे लक्ष द्या, त्यावर येते नंतर.

स्पोर्टिंगच्या अकादमीतून तो 2001 मध्ये सीनियर टीममध्ये आला, वय अवघं 17, आणि पहिल्याच सीझनला लीग आणि कप दोन्ही जिंकले. रोनाल्डो त्याच्या मागून एक वर्षाने आला. 2003 च्या उन्हाळ्यात दोघंही बाहेर पडले, रोनाल्डो मँचेस्टर युनायटेडला आणि हा बार्सिलोनाला. तेव्हापासून ही तुलना त्याच्या मानगुटीवर बसलीय ती उतरतच नाही. मला विचाराल तर ती तुलनाच चुकीची आहे, कारण रोनाल्डो विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेची लाइन धरून पळणारा खेळाडू, राहिलाच नाही. तो हळूहळू आत सरकत गेला, गोल मारायचं मशीन झाला, लाइन त्याने सोडून दिली. क्वारेस्माने लाइन सोडली नाही. त्याला सोडायचीच नव्हती, आणि खरं सांगायचं तर जमलीही नसती.

आता विंगर म्हणजे काय ते मला माहितीय कारण कॉलेजच्या टीममध्ये मी राइट विंगला खेळायचे. फार भारी नव्हते, पण त्या जागेवर उभं राहिलं की काय होतं ते कळलं. विंगरच्या दहा प्रयत्नांतले सहा-सात फुकट जातात, क्रॉस डिफेंडरला लागतो, ड्रिबल अडकतं, बॉल बाहेर जातो, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतात. मिडफिल्डरने बॉल घालवला तर कुणाला दिसतही नाही, विंगरने घालवला तर साइडलाइनला उभा असलेला कोच दोन पावलांवर असतो, त्याचा उसासासुद्धा ऐकू येतो. टीम मागे असेल तर विंगर काढतात कारण स्ट्रायकर हवा, टीम पुढे असेल तर विंगर काढतात कारण डिफेंडर हवा. आमच्या कोचचं तर घड्याळ ठरलेलं होतं, सेकंड हाफची पंधरा मिनिटं झाली की माझा नंबर. पुढे पुढे मीच आधीपासून शिनगार्ड सैल करून ठेवायचे.

तर सांगायचं हे की या पोझिशनला खेळणाऱ्या माणसाचं करिअर त्याच्या पायांवर जेवढं, तेवढंच साइडलाइनला कोण उभं आहे आणि त्याला काय हवंय यावर अवलंबून असतं. क्वारेस्माची गोष्ट मला तरी तीच वाटते.

बार्सिलोनात त्याला कोच म्हणून फ्रँक रायकार्ड मिळाला, आणि त्याच उन्हाळ्यात तिथे रोनाल्डिन्यो पण आला. 19 वर्षाचा पोरगा, मनाने खेळायची सवय, आणि डावीकडे ज्याला हलवताच येणार नाही असा माणूस. लीगमध्ये 22 मॅच, 1 गोल, कोचशी पटलं नाही, 2004 मध्ये डेको पोर्टोहून बार्सिलोनाला गेला तेव्हा त्या सौद्यात हा उलट्या दिशेने पोर्टोला गेला. वीसेक वर्षांचा असताना सौद्यातला सुट्टा भाग म्हणून पाठवलं जाणं म्हणजे काय वाटत असेल देव जाणे.

पण पोर्टोतली चार वर्षं बघा. पोर्टोचा कोच मोरिन्यो नुकताच चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकून चेल्सीला निघून गेला होता, पहिल्या सीझनला क्लबने तीन कोच बदलले, आणि तरी हा खुलला. 2006, 2007, 2008 अशी सलग तीन लीग टायटल. तिथे त्याला लाइनवर मोकळं सोडलं होतं आणि तिथेच ती त्रिवेला जगाला दिसली.

त्रिवेलाबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण लोकांना वाटतं ती नुसती स्टाइल मारायची गोष्ट. तसं नाहीये. पायाच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे करंगळीच्या बाजूने, बॉलला मारायचं. उजव्या पायाचा माणूस उजव्या विंगवरून नेहमीसारखा आतल्या बाजूने क्रॉस मारतो तेव्हा बॉल गोलपासून लांब वळत जातो. तोच क्रॉस पायाच्या बाहेरच्या बाजूने मारला की उलटा फिरतो, गोलकीपरच्या अंगावर येतो, जसा डावखुऱ्याने मारलेला येईल. थोडक्यात उजव्या पायाने डाव्या पायाचं काम. शिवाय त्याला बॉल डाव्या पायावर घ्यायला वेळ घालवावा लागत नाही, पळता पळता त्याच पावलात मारता येतो, त्यामुळे डिफेंडरचा ब्लॉक अर्ध्या सेकंदाने चुकतो. डावा पाय कच्चा होता म्हणून काढलेली पळवाट म्हणा हवं तर, पण अशी पळवाट काढायला घोटा कसला लागतो ते एकदा करून बघा. मी महिनाभर ट्राय केलं, माझे क्रॉस कॉर्नर फ्लॅगच्या मागे जायचे आणि आमची गोलकीपर मागच्या मागे हसत बसायची.

बरं, 2008. आता मोरिन्यो इंटरला होता आणि त्यानेच क्वारेस्माला बोलावलं, ट्रान्सफर विंडोच्या अगदी शेवटी, जवळपास 18-19 मिलियन युरो आणि वर एक खेळाडू देऊन. आणि इथे सगळं फिसकटलं. इटलीत त्या वर्षी त्याला बिदोने दोरो मिळाला, म्हणजे "सोन्याचा कचऱ्याचा डबा", सीझनचा सगळ्यात फ्लॉप खेळाडू म्हणून रेडिओवरून लोकांनी दिलेला टोमणा. लोक हे मला पुरावा म्हणून दाखवतात. मी त्यांना दुसरी एक मॅच बघायला सांगते, 28 एप्रिल 2010, कॅम्प नोऊ, चॅम्पियन्स लीग सेमीफायनलची दुसरी लेग, बार्सिलोनाविरुद्ध इंटर. थियागो मोत्ताला रेड कार्ड मिळालं आणि उरलेली जवळपास एक तास मॅच सॅम्युअल एटो, अहो सॅम्युअल एटोसारखा स्ट्रायकर, चक्क फुलबॅकसारखा, म्हणजे कडेच्या डिफेंडरसारखा, मागे पळत होता. मोरिन्योला विंगवर हे हवं होतं. आणि हे काम क्वारेस्माच्याने कधी झालं नसतं. त्या सीझनला इंटरने ट्रेबल, म्हणजे लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही, जिंकला, हा टीममध्ये होता, पण बहुतेक वेळ बसूनच. त्याला वाईट खेळाडू म्हणा तर मी भांडेन, चुकीच्या ठिकाणी गेलेला खेळाडू म्हणा तर गप्प बसेन.

मध्ये चेल्सीचं लोन, म्हणजे थोड्या दिवसांसाठी उसनं जाणं, झालं, ते तर विनोदीच. फेब्रुवारी 2009 च्या सुरुवातीला स्कोलारीने बोलावलं. तोच स्कोलारी ज्याने पोर्तुगालचा कोच असताना 2006 च्या वर्ल्ड कपला त्याला घरी ठेवलं होतं. हा पोचला आणि एका आठवड्यात क्लबने स्कोलारीलाच काढून टाकलं. लीगच्या चार मॅच खेळून परत.

2010 मध्ये बेसिक्तास. इस्तंबूलने त्याला जे डोक्यावर घेतलं ते आधी कोणी घेतलं नव्हतं, आणि हा माणूस त्यावरच चालतो हे तिथे कळलं. पण इथे मी त्याची बाजू घेणार नाही, कारण तिथे त्याचं जे बिनसलं ते कोचमुळेच बिनसलं असं म्हणणं म्हणजे फॅनगिरी होईल. तो हट्टी होता, चिडका होता, बदली केलं की तोंड वाकडं करायचा, कोचशी वाजवायचा, आणि 2012 च्या शेवटी क्लबने आणि त्याने करार मोडून टाकला. मग दुबईत काही महिने, मग अर्धं वर्ष क्लबच नाही. 30 वर्षांचा विंगर आणि हातात क्लब नाही, स्पीडवर जगणाऱ्या पोझिशनला हे म्हणजे संपल्यातच जमा. मीही तेव्हा सोडून दिलं होतं खरं तर.

आणि जानेवारी 2014 ला पोर्टोने परत बोलावलं. 15 एप्रिल 2015 ची रात्र मी विसरणार नाही, चॅम्पियन्स लीग क्वार्टरफायनल, समोर ग्वार्डिओलाचं बायर्न म्युनिक, आणि दहा मिनिटांत याचे दोन गोल. एक पेनल्टी, दुसरा डिफेंडर डांटेच्या पायातून बॉल हिसकावून, समोर गोलकीपर नॉयर, आणि मारला कशाने, अर्थातच पायाच्या बाहेरच्या बाजूने. पोर्टो 3-1. (पुढच्या आठवड्यात म्युनिकला 6-1 ने हरले, ते आपण सोडून देऊ.)

त्याच उन्हाळ्यात बेसिक्तासने परत घेतलं, ज्यांच्याशी भांडून गेला होता त्यांनीच. आणि या वेळी 2016 आणि 2017 अशी सलग दोन लीग टायटल. सप्टेंबर 2017 मध्ये चॅम्पियन्स लीगला तो बेसिक्तासकडून पोर्टोच्याच मैदानावर खेळला आणि बेसिक्तास 3-1 ने जिंकलं. तर ती यादीतली दोन "परत" ही. कुचकामी नोकराला कोणी दुसऱ्यांदा कामावर ठेवत नाही हो. ज्यांनी त्याला जवळून, रोज, त्याच्या सगळ्या नखऱ्यांसकट बघितलं त्यांनीच पुन्हा दार उघडलं, आणि एक नाही, दोन क्लबनी.

"पण देशासाठी काय केलं" हा पुढचा प्रश्न. 80 मॅच, 10 गोल. आकडा मोठा नाही. पोर्टोत ऐन फॉर्मात असताना 2006 चा वर्ल्ड कप नाही, 2010 नाही, 2014 नाही. 2012 च्या युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला, नेलं आणि एक मिनिट खेळवलं नाही. 2016 च्या युरोला मात्र क्रोएशियाविरुद्ध 117 व्या मिनिटाला गोल, तो पण हेडरने, म्हणजे ज्याच्या पायावर मी इतकं लिहिलं त्याने डोक्याने मॅच काढली. पोलंडविरुद्ध शूटआउटमध्ये शेवटची पेनल्टी याची. आणि फायनलला 25 व्या मिनिटाला रोनाल्डो रडत स्ट्रेचरवरून बाहेर गेला तेव्हा त्याच्या जागी आत कोण आलं? ज्या दोघांची तुलना करत लोकांनी तेरा वर्षं काढली त्यातला एक बाहेर आणि दुसरा आत, आणि पोर्तुगाल कप घेऊन गेलं. हे कोणी मला प्रश्न विचारताना सांगत नाही, मीच सांगते.

वर्ल्ड कप त्याला शेवटी मिळाला 2018 ला, वय 34. 25 जून, सारान्स्क, समोर इराण. मी घरी टीव्हीसमोर आणि माझा भाऊ शेजारी मोबाइलमध्ये डोकं घालून. हाफ टाइमला मिनिटभर उरलेलं, उजवीकडे बॉल मिळाला, आद्रियनला पास देऊन लगेच परत घेतला, आत आला, बॉक्सच्या बाहेरून उजव्या पायाचा बाहेरचा भाग, बॉल बाहेर जातोय जातोय असं वाटेपर्यंत वळला आणि लांबच्या कोपऱ्यात. मी ओरडले तसं भावाने मोबाइलमधून डोकं काढलं, रीप्ले बघितला, परत एकदा बघितला, आणि मला म्हणाला, "एक नंबर! कोण गं हा नवीन पोरगा?"