प्रोफेसर इक्थिओसॉरस भिंतीवर : तीन टांगली, एक पुन्हा छापायचं

संच चार व्यंगचित्रांचा. काळ १८२० ते १८४०, ठिकाण इंग्लंड, विषय भूशास्त्रज्ञांनी एकमेकांची उडवलेली टर. कोनिबेअर आणि डे ला बेश स्वतःच भूशास्त्रज्ञ, सोपविथ खाणींचा सर्वेक्षक. बाहेरून येऊन टिंगल करणारा यात कुणी नाही. त्यामुळे गंमत चेहऱ्यांत कमी आणि मजकुरात जास्त. मजकूर वाचता आला नाही, तर भिंतीवर चष्मा लावलेली एक सुसर तेवढी उरते. म्हणून छपाईचा आकार चित्र बघून ठरवायचा नाही, त्यातल्या सगळ्यात बारीक अक्षरावरून ठरवायचा.

हिशेब सोपा आहे. दोन फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर निदान २ मिमी उंच हवं. स्कॅन उघडून सगळ्यात लहान अक्षराची उंची पिक्सेलमध्ये मोजा. समजा स्कॅनची रुंदी २४०० पिक्सेल आणि अक्षर १८ पिक्सेल. २४०० भागिले १८, गुणिले २, म्हणजे छपाईची रुंदी साधारण २६७ मिमी. इंचाला जवळपास २२८ पिक्सेल पडतात, चालतं. तेच अक्षर ९ पिक्सेलचं निघालं, तर रुंदी ५३३ मिमी होते आणि इंचाला जेमतेम ११४ पिक्सेल उरतात. अक्षरांच्या कडा पिसारतात. तिथे सॉफ्टवेअरनं धार काढत बसू नका, दुसरा स्कॅन शोधा.

स्कॅन मूळ छापाचा आहे की नंतरच्या पुस्तकातल्या पुनर्मुद्रणाचा, तेही आधी बघा. २०० टक्क्यांवर नेल्यावर ओळीत बसलेले सारखे ठिपके दिसले, तर तो हाफटोन, म्हणजे ठिपक्यांनी छटा दाखवणारी छपाई. मोठा छापला की जाळीदार लहरी येणारच. शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, खडू वापरला असेल तिथे दगडाचा दाणा दिसतो, वेडावाकडा आणि कुठे दाट कुठे विरळ. टाकानं ओढलेल्या रेघेत हा दाणा नसतो, आपल्या जुन्या शिळाछाप पोथ्यांतली अक्षरं असतात तशी ती सलग उतरते. एकाच चित्रात दोन्ही असू शकतं. म्हणून सरसकट ‘नॉइज रिडक्शन’ लावलं की छटा मेणासारखी गुळगुळीत होते, आणि सरसकट काळं-पांढरं केलं की दाण्याच्या गुठळ्या होतात. ग्रेस्केलच ठेवा. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्समध्ये (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) काळा २५ आणि पांढरा २३५ च्या आसपास आणा, डाग हातानं काढा. जुन्या कागदाचा पिवळेपणा छापू नका. पांढऱ्या माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, शेजारी तो मळल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा कागदच मोतिया रंगाचा घ्या, सुती, मॅट, ३०० जीएसएम.

पहिलं टांगलं ते १८३० चं ‘ऑफुल चेंजेस’. भूशास्त्रज्ञ लायेलनं त्याच वर्षी ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’च्या पहिल्या खंडात लिहिलं होतं, की हवामानाचं चक्र फिरून पहिल्या ठिकाणी आलं तर इग्वानोडॉन हा डायनोसॉर रानात आणि इक्थिओसॉरस हा नामशेष सागरी सरडा समुद्रात परत दिसू शकतील. डे ला बेशनं तेच पकडलं. चष्मेवाला प्रोफेसर इक्थिओसॉरस जातभाईंपुढे माणसाच्या कवटीवर व्याख्यान झोडतोय : हा कुणी खालच्या प्रतीचा प्राणी, दात अगदीच मामुली, जबड्यात जोर नाही, याचं पोट भरायचं तरी कसं! हा टोला विल्यम बकलंड या दुसऱ्या भूशास्त्रज्ञाला आहे असं बरीच वर्षं समजलं जात होतं. १९७५ मध्ये विज्ञानाचे इतिहासकार मार्टिन रडविक यांनी नेम लायेलवर असल्याचं दाखवलं. चित्राजवळच्या मराठी माहितीपट्टीवर बकलंडचं नाव टाकू नये. या चित्राच्या वर शीर्षक आणि बायरनची एक ओळ आहे, खाली व्याख्यान. माउंटची खिडकी कापताना नेमकं तेच झाकलं जातं. मोजमाप मजकुराच्या कडेपासून घ्या, वर आणि बाजूंना १० मिमी कागद मोकळा ठेवा, खाली १५.

दुसरं कर्कडेल गुहेचं. यॉर्कशरची ही गुहा १८२१ मध्ये सापडली. ते तरसांचं बीळ होतं आणि हाडं त्यांनीच ओढून आणली, असं बकलंडनं दाखवून दिलं. कोनिबेअरनं त्याला मेणबत्ती घेऊन रांगत थेट जिवंत तरसांच्या पंगतीत घुसवलाय. छापताना त्रास गुहेच्या छटांचा होतो : मॅट कागद शाई पितो आणि गडद भाग एकजीव होतात. मधल्या छटा ८ ते १० टक्के उजळ करून आधी पोस्टकार्डाएवढा तुकडा छापून बघावा.

तिसरं ‘कॉज अँड इफेक्ट’. हेही डे ला बेशचंच. भलंमोठं खोरं आणि त्यात मुतणारं एवढंसं पोर. छोटे ओढे मोठी खोरी कोरतात या मताची खोडी. दाईच्या तोंडी लंडनच्या गल्लीतली बोली आहे, ‘व्हॅली’चं ‘वॉली’. प्रमाण मराठीत ते मरतं. पट्टीवर ‘गं बया, केवढं खोरं पाडलंय पोरानं!’ एवढंच ठेवलंय.

पट्टीची अक्षरं १४ पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. बऱ्याच देवनागरी फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. ‘टिरो देवनागरी मराठी’त आपले येतात.

चित्र माउंटला फक्त वरच्या कडेला, दोन बिजागऱ्यांवर टांगायचं. चारही कडा चिकटवल्या तर पावसाळ्यात कागद फुगतो, जागा मिळत नाही आणि लाटा येतात. बिजागरी जपानी टिश्यूची. सेलोटेप नको, काही वर्षांत पिवळा डाग आरपार येतो. गव्हाची खळ उत्तम धरते, पण कसरीला ती आवडते. कोकणात आणि मुंबईत मिथाइल सेल्युलोज बरं, १०० मिली पाण्यात ४ ग्रॅम, रात्रभर फुगवून. माउंट २ मिमी, आम्लविरहित. काच कागदाला टेकता कामा नये, दमटपणात शाई काचेला धरते. मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर ५ मिमीचे बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि फ्रेममधून हवा खेळते. पावसाची झड झेलणारी भिंत मात्र सोडून द्या, तिथे बूचही कामाचं नाही.

राहिलं चौथं, सोपविथचं. हिमनद्यांच्या खुणा शोधायला जामानिम्यानिशी निघालेला बकलंड, १८४०. पायाशी दोन ओरखडलेले दगड. एकावर लिहिलंय, सृष्टीच्या उत्पत्तीआधी ३३,३३३ वर्षं हिमनदीनं ओरखडलेला. दुसऱ्यावर, परवा वॉटर्लू पुलावर गाडीच्या चाकानं ओरखडलेला. सगळी गंमत या दोन चिठ्ठ्यांत, आणि संचातली सगळ्यात बारीक अक्षरंही त्यांचीच. ए४ वर छापून पाहिलं, तर चिठ्ठीच्या जागी दोन करडे डाग आले. आता निदान १६ पिक्सेल अक्षर असलेला स्कॅन मिळाला तरच ए३ वर छपाई. तोवर चौथा खिळा रिकामा.