द्राक्षावरचं मेण

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत दुपारी गिऱ्हाईक नसलं की एक द्राक्षवाला ओल्या फडक्यानं घड पुसत बसतो. चकचकीत करतो अगदी. मला ते बघवत नाही. द्राक्षावर पांढुरकी लव हवी, बोट फिरवलं की खाली गर्द हिरवा पट्टा उमटायला हवा. ती लव म्हणजे फवारणीचं औषध, अशी आमच्या घरची ठाम समजूत. घड आणला की थेट मिठाच्या पाण्यात. फवारण्या होतात, धुऊनच खावीत, कोण नाही म्हणतंय! पण लव द्राक्षाची स्वतःची. मेण आहे ते.

त्या मेणाची ताकद मी तासगावकडं मामाच्या शेडवर बघितली. परीक्षा संपली की आमची रवानगी तिकडं, आणि तिकडं बेदाणा टाकायची गडबड. पिंपात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल घातलं की पाणी दुधाळ व्हायचं. क्रेट बुडवून काढला की लव गायब, मणी ओलेकच्च हिरवे. मग घड रॅकच्या जाळीवर पसरायचे. दिवसभर ते काम करून हात असे बुळबुळीत व्हायचे, की जेवताना भाकरीलाही तोच वास. एक घड मी न बुडवताच खांबाला टांगला होता. रॅकवरचा माल सुरकुतला तरी हा पठ्ठ्या टुमटुमीत!

मेणाचे बारीक पापुद्रे कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात, आतलं पाणी सहजी सुटत नाही. डिपिंगनं मेण धुऊन जात नाही, नुसती ती बसणी मोडते. मग पंधरवड्यात बेदाणा तयार. रोमन लोकही घड राखेच्या पाण्यात तेल घालून बुडवायचे; राखेत असतं तेच पोटॅशियम कार्बोनेट.

सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं २०१६ मध्ये. आमच्या गुळाला २०१४ मध्येच मिळालेलं, हे मामाला ऐकवल्याशिवाय माझा घास उतरत नसे.

तो हसायचा. पण एकदा बुडवलेल्या द्राक्षाला माघार नसते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. एका एप्रिलात वळीव शेडमध्ये आडवा घुसला, रॅकच्या रॅक काळे पडले, आणि व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव ऐकून मामी आत निघून गेली. पुढच्या वर्षीही तेच. मग मामानं बाग काढली. आता तिथं ऊस आहे.