केडगावची मुक्ती

पुण्याहून दौंडकडे जाणारी सकाळची पॅसेंजर पकडली, तर केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभारलेली संस्था, बघून रात्रीच्या जेवणाला आरामात घरी परतता येतं. लोणी, उरुळी, यवत, खुटबाव आणि मग केडगाव. (नगरला लागूनही एक केडगाव आहे. मोबाइलवर नुसतं 'केडगाव' टाकलंत तर भलतीकडे पोहोचाल, तालुका दौंड बघा.) डब्यात दूधवाल्यांचे रिकामे कॅन, दाराशी उभी राहिलेली कॉलेजची पोरं, आणि यवत सुटलं की दोन्ही अंगाला ऊस.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, "पंडिता रमाबाई मुक्ती मिशन."

"मुक्तीला ना? बसा की." आणि वळणावर आरशातून बघत, "कुणी हाय का तिथं तुमचं?"

"नाही हो, बघायला आलोय."

"बघायला?" त्याला ते काही पटलं नसावं. मुक्तीत कुणाची बहीण असते, कुणाची मावशी, कुणी दवाखान्यात भरती असतं. बघायला कोण येतं? तो म्हणाला, "माझा जन्म मिशनच्या दवाखान्यातला, सायेब." पुढे भाड्याचे दहा रुपये जास्तच घेतले, ते सोडा.

फाटकातून आत गेलं की मोठाली झाडं, जुन्या दगडी भिंती आणि भरपूर मोकळी जागा. शहरातल्या माणसाला आधी ती मोकळी जागाच डोळ्यांत भरते. रमाबाईंनी इथे जवळजवळ शंभर एकर जमीन घेतली ती फळबागेसाठी. बागेच्या उत्पन्नावर पुण्यातलं शारदा सदन, म्हणजे त्यांनी विधवा मुलींसाठी काढलेली शाळा, चालावं असा हिशेब होता. या माळावर बायकांचं गावच्या गाव वसेल, हे तेव्हा त्यांच्याही डोक्यात नसणार.

ते वसवलं दुष्काळाने. आणि दुष्काळ या बाईला पुस्तकातून कळलेला नव्हता. १८७४ च्या सुमाराच्या उपासमारीत वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. आईला स्मशानात न्यायला खांदेकरी मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले. तिसरा खांदा भावाचा, चौथा रमाबाईंचा, पण उंची कमी म्हणून तिरडीची बाजू त्यांना डोक्यावर घ्यावी लागली. पुढे भाऊ श्रीनिवासबरोबर पायी भटकताना झेलम नदीच्या काठी थंडी इतकी, की दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, फारसा गळा न काढता. मला तर त्या न काढलेल्या गळ्याचंच जास्त वाटतं.

१८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडल्यावर त्या तिकडे गेल्या. अन्नछत्रांच्या आसपास भुकेल्या पोरी बघितल्या, त्यांच्यावर नजर ठेवून असलेली माणसंही बघितली, आणि तिनेकशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे कडक नियम, एवढ्यांना ठेवणार कुठे? आणल्या केडगावच्या शेतावर. आधी झोपड्या आणि तंबू, मग विहिरी, मग इमारती. १८९८ मध्ये 'मुक्ती' रीतसर उभी राहिली. गुजरातेतल्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, इथे जवळजवळ दोन हजार माणसं जेवत होती. दोन हजार! आपल्याकडे लग्नात पाचशे पानं उठायची तर घरच्यांना घाम फुटतो.

आता ख्रिस्ती धर्माचं. याला बगल देऊन मुक्तीबद्दल लिहिणं मला खोटेपणाचं वाटतं. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनजवळ फुलॅमला वाँटेजच्या मठातल्या सिस्टर 'वाया गेलेल्या' म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांसाठी एक घर चालवत. ते बघून रमाबाई चक्रावल्या. अशा बायकांना शिक्षा सांगणारी शास्त्रं त्यांना तोंडपाठ होती, पण त्यांना पुन्हा उभं करणारं कुणी त्यांनी पाहिलं नव्हतं. हे का करता, असं विचारल्यावर एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या, भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेल्या त्या परक्या बाईकडे येशू प्यायला पाणी मागतो. देत नाही, आधी मागतो. रमाबाईंच्या श्रद्धेचा धागा मला तिथे सापडतो. केडगावात अशाच बायकांसाठी 'कृपा सदन' निघालं, त्याचं मूळ फुलॅममध्ये आहे.

पुण्याने मात्र त्यांना सुखाने राहू दिलं नाही. शारदा सदनातल्या मुली प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये गदारोळ उठला. 'केसरी'ने झोड उठवली, सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकर बाहेर पडले. धर्मांतराचा आक्षेप निराधार होता असं मी म्हणणार नाही. मुक्तीत पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या आणि रमाबाईंना त्याचा आनंदच होता. पण आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी दुष्काळातली एखादी पोर स्वतःच्या माजघरात आणून ठेवली? याच शारदा सदनातल्या गोदूबाईंशी पुढे धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं, त्या बाया कर्वे. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. म्हणजे कर्व्यांच्या हिंगण्याच्या स्त्रीशिक्षण संस्थेची एक मुळी इथे येऊन मिळते, हे पुण्यात फारसं कुणी बोलत नाही.

मला आवार दाखवायला आलेल्या ताई इथेच लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्यांनी एका ओसरीवर थांबवलं. एक आजी सुपात गहू निवडत बसल्या होत्या. बोटं दाण्यांवरून सरसर फिरत होती, खडा लागला की अंगठ्याने कडेला. नजर समोरच्या भिंतीवर. दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, आजींना दिसत नाही.

"कोण आलंय गं?"

"पाहुणे आहेत, आजी. पुण्याचे."

"जेवले का?"

अंध बायकांसाठी इथे पूर्वीपासून 'बार्तिमी सदन' होतं. नाव मार्काच्या शुभवर्तमानातल्या, यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेल्या आंधळ्याचं. तो ओरडतो, लोक त्याला गप्प बसवतात, तो आणखी जोरात ओरडतो. येशू थांबून विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू? आंधळ्याला काय हवं असणार ते उघड असतानाही विचारतो. रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने अंध मुलींना ब्रेल शिकवायला घेतलं. बाकीच्याही कुणाला रिकामं बसवून ठेवायचं नाही, ही इथली रीतच. विणकाम, तेलाचा घाणा, गोठा, शेती, छापखाना, सगळं बायकांच्या हातात.

छापखान्याबद्दल तर वेगळं लिहायला हवं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं, तेही अडाणी बाईला ऐकून कळेल अशा साध्या मराठीत. खिळे जुळवले ते दुष्काळातून आलेल्या मुलींनी. सबंध ग्रंथ छापून झाला १९२४ मध्ये. मनोरमा १९२१ ला गेली होती, आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. मुलगी आधी, आई नंतर.

दुपारी जेवायला थांबवून घेतलं. भात, आमटी, चपाती, कोबीची भाजी. आधी प्रार्थना झाली, मी हात जोडून उभा राहिलो. मला कुणी काही विचारलं नाही, कुठलं पत्रकही हातात ठेवलं नाही.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. आधी फोन करून परवानगी घ्या, ही राहती घरं आहेत, प्रेक्षणीय स्थळ नाही. मुलींचे फोटो काढू नका. वाढदिवस साजरा करायला केक घेऊन जाण्याची टूम निघालीय, तीही टाळा. काही द्यायचंच असेल तर काय लागतं ते ऑफिसात विचारा, कारण जुने कपडे जो तो आणून टाकतो. वेळ उरला तर जवळच नारायण महाराजांचं बेट आहे, दत्ताचं. रिक्षावाले दोन्हीकडे नेतात, भाडं मात्र आधी ठरवा.