दारू सोडण्याआधी गोंगाट कमी करावा लागला

मी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर हातात स्पिरिटचा बोळा. व्यसनमुक्ती केंद्रातून परत कामावर रुजू झाले तेव्हा घरच्यांनी त्या वासाचीच धास्ती घेतली होती. त्या वासाने मला कधीच काही झालं नाही. प्यावंसं वाटायचं ते संध्याकाळच्या स्लो लोकलने भांडुपला घरी पोचल्यावर. लेडीज डब्यात अंगाला अंग, चार फोनवर चार व्हिडिओ, वर पंख्यांची घरघर. घरी आले तरी कान वाजत राहायचे, खांद्यावरची ओढणीसुद्धा टोचायची. दोन पेग पोटात गेले की सगळं खाली बसायचं. मजा म्हणून मी कधीच प्यायले नाही. मला शांतता हवी होती.

केंद्रात हे कुणी विचारलंच नाही. तिथे ट्रिगरची, म्हणजे प्यायला लावणाऱ्या कारणांची, यादी ठरलेली: मित्रमंडळी, पार्टी, पगाराचा दिवस, नवराबायकोची भांडणं. माझं लग्न झालेलं नाही आणि पार्ट्यांना मी जात नाही. रोज रात्री वहीत ‘आजच्या भावना’ लिहायच्या असत. मी ‘माहीत नाही’ लिहायचे आणि ते अगदी खरं होतं. त्यावर शेरा यायचा, ‘डिनायल’, म्हणजे खरं नाकारते. गटात बोलताना खाली बघते म्हणून ‘प्रामाणिक नाही’. फडफडणाऱ्या ट्यूबलाइटखाली पन्नासेक बायका, जेवणाच्या वेळी स्टीलच्या ताटांचा खणखणाट. त्या आवाजापासून पळायला मी प्यायचे आणि उपचार त्याच आवाजात चालले होते. बाहेर पडल्यावर लवकरच पुन्हा सुरू झाली. त्याचा सगळा दोष माझ्यावर टाकला गेला. तो अन्याय होता असं मला आजही वाटतं.

पुढच्या खेपेला पालिकेच्या एका रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढला. डॉक्टरांनी आधी बजावलं की रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात थरथरायला लागतात, पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. म्हणून वॉर्डात ठेवून हा त्रास आवरणाऱ्या क्लोरडायझेपॉक्साइडचा डोस हळूहळू उतरवत नेला, सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. मग लिव्हरचे रिपोर्ट पाहून तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन सुरू केली. दुसऱ्यांचे एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासण्या, रोज काढणारी मी, स्वतःचा कागद हातात घेताना घशाला कोरड पडली होती.

औषधांनी शरीर सावरलं. पण गाठ सुटली ती तिथल्या समुपदेशक ताईंच्या एका प्रश्नाने. “बाटली उघडायच्या आधीच्या अर्ध्या तासात तुम्हाला काय काय ऐकू येतं?” मी बोलतच राहिले. मिक्सर, शेजारचा टीव्ही, फ्रीज, जिन्यातल्या चपला. त्यांनी मला थांबवलं नाही. पुढच्या वेळी आईला घेऊन यायला सांगितलं. आई म्हणाली, “कुकरची शिट्टी झाली की ही पलंगाखाली. हाताला धरून ओढलं तरी बाहेर यायची नाही. आम्हाला वाटायचं, भित्री आहे पोर.” मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे बऱ्याच बैठका झाल्या आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर मला कळलं की मी ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे; माझा मेंदू जन्मापासूनच आवाज, स्पर्श, माणसं वेगळ्या तऱ्हेने अनुभवतो. २०१६च्या अपंग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम येतो. प्रमाणपत्राचं मी अजून काही ठरवलेलं नाही. तेव्हा मला उपचार हवे होते, आणि ते आता माझ्या मापाचे झाले.

‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न ताईंनी बंद केला. भूक, तहान, थकवा यांची जाणीव बऱ्याच ऑटिस्टिक माणसांना उशिरा होते, तशी ती मलाही होते. त्याऐवजी एक कार्ड बनवलं, लॅबच्या फॉर्मसारखं: शेवटचं कधी खाल्लं, पाणी किती प्यायले, झोप किती, आवाज शून्य ते पाचपैकी किती, जबडा आवळलाय का. माझ्या बाबतीत जबडा सगळ्यात आधी सांगतो. दात दातांवर घट्ट बसले की समजायचं, तासाभरात तलफ येणार. भावनेचं नाव मला अजूनही सापडत नाही, पण जबडा मला तपासता येतो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला मी घाबरत घाबरत गेले. तिथे सदस्य व्हायला एकच अट असते, पिणं थांबवायची इच्छा. बोललंच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि प्रत्येक वेळी क्रम तोच, हे मला फार मानवलं. शेवटी हात धरून प्रार्थना होते. मी आधीच सांगून ठेवलं, आता दाराजवळ हात जोडून उभी राहते. कुणी वाईट वाटून घेतलं नाही. माझ्या स्पॉन्सर, म्हणजे मला सोबत करणाऱ्या जुन्या सदस्य ताई म्हणाल्या, “फोन नको वाटतो ना, मग करू नकोस. नुसता कार्डावरचा आकडा पाठव.” चारच्या वर आकडा गेला की त्यांचा ठरलेला मेसेज येतो: दिवा बंद कर, पाणी पी, कान झाक, मग जेव.

लॅबमध्ये सकाळची शिफ्ट मागून घेतली, त्यामुळे परतीची गर्दी टळली. गणपतीचं मात्र वेगळं नियोजन लागतं. अनंत चतुर्दशीला मुंबईत ड्राय डे, म्हणून पूर्वी मी आदल्या दिवशीच बाटली आणून ठेवायचे, कारण ढोल-ताशे त्याच दिवशी सगळ्यात जास्त. आता विसर्जनाच्या दिवसांत वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे मागच्या खोलीत राहते. दुपारची आरती सांभाळते, मिरवणुकीला जात नाही. आईने हे नातेवाइकांना स्वतः सांगितलं.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर भरती करण्याआधी केंद्राला विचारा: दिवसाचं वेळापत्रक लिहून मिळेल का, गटाऐवजी एकेकट्याने बोलता येईल का, कानात प्लग घालू देतील का. ऑटिझमचं निदान झालेलं असेल तर ते पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून घ्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी नंबर फुकट आहेत. फोनवर बोलणं जमत नसेल तर घरातल्या कुणाला तरी लावायला सांगा. आमच्याकडे आईने लावला होता, मी शेजारी कार्ड धरून बसले होते.