तुम्ही विचारलंत म्हणून: ही गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?

पंपावर, पार्किंगमध्ये, ओळखीच्यांच्या गप्पांत मला ठरलेला प्रश्न येतो: "ही अ‍ॅव्हरेज किती देते हो?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं. चार, फार तर पाच. दोन सीटांची, बुटकी, रुंद टायरांची टर्बो स्पोर्ट्स कार आहे, पेट्रोल पिणारच. मी खरा आकडा सांगते, मोकळ्या रस्त्यावर लिटरला तेरा-चौदा आणि शहरात आठच्या आसपास, तेव्हा दुसरा प्रश्न येतो. तो पहिल्यापेक्षा बरा असतो. "मग तुम्ही ती रेंगाळतच चालवत असाल?"

नाही. बऱ्याच वेळा आजूबाजूच्या गाड्यांच्या पुढेच असते. दोन वाक्यांत हे समजावता येत नाही, म्हणून लिहून टाकते.

आधी थोडा हिशेब. माझ्या गाडीचं वजन माणसांसकट साधारण १,४०० किलो. सपाट रस्त्यावर ताशी १०० किमीचा वेग नुसता टिकवायला तिला किती ताकद लागते? हवेचा विरोध आणि टायर दबत-फिरत जाण्यात वाया जाणारी शक्ती धरून साधारण सोळा-सतरा हॉर्सपॉवर. इंजिन आहे २५० हॉर्सपॉवरचं. म्हणजे बाकीची सगळी फौज रिकामी बसलेली. आणि रिकामी बसलेली असली तरी फुकट बसत नाही, ही पेट्रोल इंजिनाची खोड आहे. त्याची ताकद कमी करायची तर थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप मिटत आणावी लागते. मग प्रत्येक सिलिंडरला त्या बारीक फटीतून हवा ओढून घ्यावी लागते, आणि त्या ओढाताणीतच बरीच शक्ती खर्च होते. इंजिन मोठं, आरपीएम (मिनिटाला इंजिनाचे फेरे) जास्त आणि काम थोडं, ही पेट्रोल उडवण्याची सगळ्यात खात्रीची रीत.

उपाय उलटा आहे: आरपीएम कमी ठेवायचे आणि थ्रॉटल थोडं जास्त उघडायचं. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे १९९७ ची शेव्हरले कॉर्व्हेट. ५.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, म्हणजे नाव ऐकूनच खिसा चाचपावा असं. पण तिच्या मॅन्युअल गिअरबॉक्सचा सहावा गिअर इतका लांब होता की ताशी १०० ला इंजिन दीड हजार आरपीएमच्याही खाली फिरायचं. त्या काळच्या अमेरिकन सरकारी चाचणीत तिला हायवेवर गॅलनला २८ मैल मिळाले, म्हणजे लिटरला जवळपास १२ किमी. गाडी हळू आणि हलक्या पायाने निघाली की पहिल्या गिअरवरून थेट चौथ्यात टाकायला लावणारी एक खुंटीही त्या गिअरबॉक्समध्ये होती. ती निकामी करण्यासाठी वेगळा भाग विकत घेणारे मालक पुष्कळ निघाले. मला त्यांचा राग समजतो. पण कंपनीचं गणित चूक नव्हतं.

तेव्हा पहिली गोष्ट, वरचा गिअर लवकर टाका. मी सपाट रस्त्यावर अडीच हजारच्या आसपास गिअर बदलते. मात्र 'लवकर' म्हणजे इंजिन धडधडेपर्यंत नव्हे. आजच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, टर्बो इंजिनात फार कमी आरपीएमवर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. असा एखादा दणका पिस्टन फोडू शकतो. दीड हजारच्या खाली गाडीकडून ओढ मागायची वेळ आली, तर गुमान खालचा गिअर टाकावा.

आता मुख्य मुद्दा. ताशी १०० ने जाणाऱ्या १,४०० किलोच्या गाडीत जो वेग साठलेला असतो, तो मिळवायला साधारण ६५ ते ७० मिलिलिटर पेट्रोल जळलेलं असतं. तुम्ही ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवलीत की ते सगळं ब्रेकच्या डिस्क तापवण्यात गेलं. विहिरीतून घागर शेंदायची आणि काठावर ओतून द्यायची, तसं. ६० वरून थांबलात तर साधारण २५ मिलिलिटर. एका आड एक सिग्नल लागणाऱ्या रस्त्यावर हे किती वेळा होतं ते मोजा, मग शहरातलं अ‍ॅव्हरेज का कोसळतं ते लगेच कळेल. त्यात स्पोर्ट्स कारचा पिकअप असा की दोन सिग्नलच्या मधल्या पाचशे मीटरमध्येही ८० गाठायचा मोह होतो. पेट्रोल त्या मोहात जातं, पण फुकट जातं ते पुढच्या लाल दिव्यापाशी.

म्हणून मी पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत चालवत नाही. तिच्या पुढच्या तीन-चार गाड्यांकडे बघते. लांबवर लाल दिवा दिसला की पाय उचलते, गाडी गिअरमध्येच ठेवते. इथे एक फायदा आहे, जो अजून बऱ्याच जुन्या चालकांना पटत नाही. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर लागलेला असताना पाय पूर्ण उचलला, की ठरावीक आरपीएमच्या वर इंजेक्टर पेट्रोल सोडणंच बंद करतात. चाकंच इंजिन फिरवत असतात आणि खर्च शून्य असतो. न्यूट्रल टाकलंत तर इंजिनाला बंद पडू नये म्हणून पेट्रोल द्यावंच लागतं.

यावर हुशार माणूस म्हणतो, "पण न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब जाते की." बरोबर आहे. इंजिनाचा ओढा नसतो, म्हणून वेग टिकतो. त्यामुळे जिथे थांबायचंच आहे तिथे गिअर, आणि जिथे वेग टिकवायचा आहे अशा लांब, मंद उतारावर कागदावर तरी न्यूट्रल जिंकतं. पोर्शने २०११ च्या ९११ मध्ये, पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत, हेच काम गाडीकडे सोपवलं: पाय उचलला की गाडी स्वतः क्लच सोडून तरंगत जाते आणि गरज पडताच परत गिअरमध्ये येते. मॅन्युअल गाडीत मी हे हाताने करत नाही. उतारावर गाडी ताब्यात असणं मला दोन थेंबांपेक्षा महत्त्वाचं वाटतं, आणि घाटातल्या उतारावर तर न्यूट्रल हा निव्वळ मूर्खपणा आहे. तिथे सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि ब्रेक तापले की पकड सोडतात.

आणि इथेच स्पोर्ट्स कारची बाजू घ्यायची आहे. वळणांच्या रस्त्यावर उंच, जड, डुलणारी गाडी प्रत्येक वळणाआधी ब्रेक लावते आणि वळण संपलं की पुन्हा वेग पकडते. प्रत्येक वळणाला घागर ओतायची. माझी गाडी बुटकी, तिचा गुरुत्वमध्य खाली, टायरांची पकड चांगली. वळणाच्या बऱ्याच आधी नुसता पाय उचलला की ती ७० वरून ६० वर येते आणि त्याच वेगात शांतपणे वळण घेऊन बाहेर पडते. पकडीच्या हद्दीजवळ जायचा प्रश्नच नाही, मधे भरपूर जागा उरते. अशा रस्त्यावर लांबच लांब पट्टा ब्रेकला पाय न लावता पार करणं हा माझा आवडता खेळ आहे. यात कौशल्यही लागतं: वळण आधी वाचावं लागतं, योग्य वेगात आत शिरावं लागतं, स्टिअरिंग एकदाच वळवावं लागतं. "मग मजा काय राहिली?" असं विचारणाऱ्यांना मी शेजारी बसवून नेते.

२००८ साली एका ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमात एक गमतीची चाचणी झाली होती. टोयोटा प्रियस ही पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी ट्रॅकवर जीव खाऊन पळवली आणि तिच्या मागोमाग, तिच्याच वेगाने, व्ही-८ इंजिनची बीएमडब्ल्यू एम३ नेली. कमी पेट्रोल एम३ ने खाल्लं. यावरून "बघा, प्रियस म्हणजे नुसता देखावा" असा निष्कर्ष काढणारे मला आजही भेटतात. तो चुकीचा आहे. शहरात प्रियस एम३ ला कुठच्या कुठे मागे टाकेल, कारण ब्रेकमध्ये जाणारी शक्ती ती बॅटरीत परत घेते. चाचणीतून कळतं ते एवढंच की गाडीकडून तिच्या कुवतीबाहेरचं काम घेतलं, तर कुठलीही गाडी पेट्रोल पिते.

हळू वेग पकडणं म्हणजे बचत, हा आणखी एक लाडका समज. ० वरून ८० ला जायला लागणारी शक्ती तेवढीच असते, तुम्ही दहा सेकंदांत जा नाहीतर तीस. उलट कासवगतीने निघालं की खालच्या गिअरमध्ये, अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलवर जास्त वेळ जातो. मी साधारण अर्ध्या पायाने, खळखळ न करता वेग घेते आणि पटकन वरच्या गिअरला जाते. पाय तळाला मात्र लावत नाही. एरवी इंजिन पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग या प्रमाणावर चालतं, पण पूर्ण थ्रॉटलवर बरीच टर्बो इंजिनं जादा पेट्रोल सोडतात. ते जादा पेट्रोल ताकदीपेक्षा टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) गार ठेवण्यासाठीच जास्त असतं. कधी ती मजा घ्यायची असेल तर जरूर घ्यावी. माझ्या मते चढावर घ्यावी, इंजिन गरम झाल्यावर, आणि मिळवलेला वेग लगेच ब्रेकवर घालवावा लागणार नाही अशा ठिकाणी.

मोकळ्या हायवेवर वेगाचं गणित मात्र निष्ठुर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. माझ्या गाडीला १०० ऐवजी १४० ने जायला दर किलोमीटरमागे साधारण साठ टक्के जास्त शक्ती लागते. जास्त कामावर इंजिन थोडं कार्यक्षम होतं, त्यामुळे पेट्रोल अगदी तेवढं वाढत नाही, पण टाकीचा काटा उतरताना दिसतो. वेग आपोआप कायम ठेवणारं क्रूझ कंट्रोल सपाट रस्त्यावर चांगलं. चढउताराच्या रस्त्यावर ते प्रत्येक चढावर हट्टाने वेग टिकवायला बघतं. तिथे मी ते बंद करते, चढावर वेग थोडा पडू देते आणि उतारावर परत मिळवते.

बाकीचं थोडक्यात. टायरमधली हवा थंड टायरवर मोजा आणि कंपनीने सांगितली तेवढी ठेवा. चिकट, ट्रॅकचे टायर रोज वापरू नका. टोयोटाने २०१२ च्या जीटी८६ ला प्रियसलाही येणारे मिशेलिन टायर दिले होते. ते पकड बेताची ठेवून गाडी खेळकर व्हावी म्हणून होतं, पण पेट्रोललाही त्याची मदतच झाली. छत उघडायची गाडी असेल तर हायवेवर छत लावा. कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी ऑक्टेनचं, म्हणजे दाबाखाली अवेळी लवकर पेटणारं, पेट्रोल टाकलं तर इंजिन ठिणगी उशिरा देऊन स्वतःला सांभाळतं, त्यात ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही घटतात. सांगितल्यापेक्षा जास्त ऑक्टेनने मात्र सहसा काही मिळत नाही. आणि जवळच्या कोपऱ्यापर्यंत जाण्यासाठी ही गाडी काढू नका. थंड इंजिन जादा पेट्रोल मागतं, तेल घट्ट असतं, आणि गाडी गरम व्हायच्या आत तुम्ही पोहोचलेले असता.

राहिला आकडा. डॅशबोर्डवरचा माझा कॉम्प्युटर नेहमी थोडं गोड बोलतो. मी टाकी फुल ते टाकी फुल मोजते, शक्यतो त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबून. एका टाकीवर विश्वास ठेवत नाही. पावसात रस्त्यावर पाणी असलं की अ‍ॅव्हरेज पडतं, समोरून वारा असला की पडतं, गर्दीत तर पडतंच. वर सांगितलेले तेरा-चौदा हे अशा बऱ्याच टाक्यांचे आहेत, आणि त्यात ब्रेक न लावता काढलेल्या घाटांचा वाटा मोठा आहे. तुमचा रस्ता सरळ आणि सिग्नलांचा असेल, तर तुमचा आकडा वेगळा येईल.